चार्जिंग पिन बदलून आणली, त्याची सगळी हकीकत

आधीच सांगते, मला मोबाईलमधलं काही कळत नाही. मी घरून डबे देते, नागपूरच्या त्रिमूर्ती नगर भागात, २२ डबे, बहुतेक सगळी कॉलेजची पोरं आणि दोन-तीन एकटे राहणारे आजोबा. पण या उन्हाळ्यात (२०२५ चा) फोनच्या चार्जिंग पिनपायी दोन आठवडे जे डोकं पिकलं, ते लिहून ठेवावंसं वाटलं. कारण मला तेव्हा कोणीच नीट सांगितलं नाही, सगळ्यांचं एकच, नवीन घ्या नं ताई.

फोन २०२२ च्या दिवाळीत घेतलेला, १६,९९९ चा. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नव्हती. बॅटरी अजूनही दिवसभर चालते, कॅमेरा ठीक, स्क्रीनवर एक ओरखडा नाही.

२८ एप्रिल, सोमवार. रात्री फोन चार्जिंगला लावून झोपले, सकाळी पाच वाजता उठले तं १९ टक्के. मला वाटलं बटणच चालू केलं नसेल. दुसऱ्या दिवशी पाह्यलं की केबल थोडी वर उचलून धरली की चार्ज होते, सोडली की बंद. मग काय, केबलखाली डब्याचं झाकण लावून तिरकी करून ठेवायची आणि घरात कोणी ओट्याजवळून गेलं की मी ओरडायची, हलवू नका रे. असे दोन दिवस काढले. मुलगा म्हणाला केबल गेली असेल, म्हणून चौकातून २९९ ची नवीन केबल आणली. फरक काही नाही. हे २९९ वायाच गेले, आधी मुलाची केबल लावून पाहायला पाहिजे होती, घरातल्या घरात कळलं असतं. तर पहिलं हे करा, दुसऱ्या कोणाची केबल, दुसरा चार्जर, दुसरा सॉकेट, तिन्ही बदलून पाहा, मग खर्च करा.

अजून एक, नागपुरात उन्हाळ्यात फोनच कधीकधी चार्जिंग थांबवतो, खूप गरम झाला असा मेसेज येतो. तो प्रकार वेगळा आहे, पिन खराब नसते. दुपारी ४४ डिग्रीत गॅसच्या बाजूला फोन ठेवला तर तो बिचारा काय करणार.

१ मे ला सुट्टी, मुलगा घरी. त्याने टॉर्च मारून पाह्यलं आणि म्हणाला, आई, तुझ्या फोनमध्ये पोळी आहे. खरंच. टाइप-सी च्या तोंडात मधोमध एक पातळ जिभेसारखी पट्टी असते, तिच्यावर वर १२ आणि खाली १२ अशा २४ पिना असतात, म्हणून तर केबल उलटी-सुलटी कशीही लागते. त्या पट्टीच्या भोवती खाली तळाशी कचरा दाबून बसतो. आपणच दाबतो तो, रोज केबल घालून घालून. मग केबल पूर्ण आत जात नाही, तो कट् असा आवाज येत नाही, आणि नुसती टेकून राहते.

फोन बंद केला आणि लाकडी टूथपिकने हळूहळू, कडेकडेने काढलं. सुई नाही, सेफ्टी पिन नाही, ती मधली पट्टी मोडली तर मग संपलंच. तोंडाने फुंकायचंही नाही, आपली वाफ जाते आत. जे निघालं ते पाहून मलाच लाज वाटली. राखाडी रंगाचा एक बोळा, अगदी देवासमोरच्या फुलवातीएवढा, गाऊनच्या खिशातला कापूस आणि कणकेचं पीठ एकत्र थापून बसलेलं, वाळून कडक झालेलं. नखाने दाबलं तर भुगा झाला. केबल लावली, कट् वाजली, आणि चार्जिंग सुरू. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी डब्यात सगळ्यांना एकेक आंब्याची फोड जास्त दिली.

बहुतेक लोकांचं काम इथंच होईल असं मला वाटते. माझं नाही झालं.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, फोनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह आलं, पोर्टमध्ये (म्हणजे चार्जिंगच्या तोंडात) ओलावा आहे, केबल काढा. पाणी लागलंच नव्हतं. पण माझा फोन असतो कुठं, तर ओट्यावर, कुकरच्या शिट्टीसमोर, आणि उरलेला वेळ घामाने भिजलेल्या खिशात. शेजारच्या काकू म्हणाल्या तांदळात ठेव. माझ्याकडे तांदूळ पोत्याने, ठेवला रात्रभर. सकाळी पोर्टमध्ये तांदळाचा पांढरा भुगा, चिन्ह तसंच. तांदळाचं काही करू नका. मग मी शहाणीने काय केलं, कूलरसमोर ठेवला वाळायला. मुलगा हसून हसून मेला. कूलरची हवाच ओली असते नं, पाण्यातून येते ती! वाळवायचं तर साधा पंखा, तोंड खाली करून, काही तास. आणि ते चिन्ह असताना जबरदस्तीने चार्ज करायचं नाही, हे मला पुढे बुल्डीला (म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात) कळलं. ओल्या पिनेतून करंट गेला की पिना लवकर गंजतात, घामात मीठ असते त्याने अजून.

५ मे, सोमवार, फोन ७ टक्क्यांवर आणि बोटाने दाबून धरल्याशिवाय कोणत्याच कोनात चार्ज होऊन नाही राहिला. त्या रात्री खरी भीती वाटली. पोरं रात्री नऊपर्यंत मेसेज करतात, उद्या डबा नको म्हणून. फोन बंद तर मला कळणार नाही, आणि तसंच झालं, मंगळवारी पाच डबे उरले. वरण-भात आम्ही खाल्ला, पण पाच डब्यांचे पैसे गेले ते गेले. त्यात बॅकअप घेतलेला नव्हता. सगळ्यांचे पत्ते, हिशेब, कोणाचे किती बाकी, सगळं चॅटमध्ये. रात्री दीड वाजेपर्यंत मी केबल एका विशिष्ट कोनात बोटाने दाबून बसले होते, १५ मिनिटांत एक टक्का, आणि वायफायवरून बॅकअप. हात आखडला माझा. म्हणून हात जोडून सांगते, केबल ढिली वाटली त्याच दिवशी बॅकअप घ्या. पोर्ट पूर्ण गेला की कॉम्प्युटरला जोडताही येत नाही, आणि साध्या फोनला वायरलेस चार्जिंग नसतेच.

मंगळवारी डबे गेल्यावर आधी घराजवळच्या दुकानात गेले. त्याने फोन हातात घेतला, केबल लावली, काढली, आणि म्हणाला मदरबोर्ड. साडेतीन हजार, दोन दिवस ठेवून जा, आणि पॅटर्न सांगून ठेवा. उघडूनही नाही पाह्यला! मी म्हटलं विचार करून येते.

तिथून ऑटो करून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. टोकन ३४, चालू होता १९. एसी होता म्हणून बसवलं. पाऊण तासाने नंबर आला, मुलगी बोलायला चांगली होती. बिल आहे का, वॉरंटी संपली, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर लिहून घेतला (स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो, पण फोन बंद असेल तर कसा दिसणार, म्हणून बॉक्सचा फोटो घरच्या दुसऱ्या फोनमध्ये काढून ठेवा). मग जॉब शीटवर सह्या. बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं तेव्हा कळलं, डेटा गेला तर जबाबदारी आमची नाही, जुना पार्ट वापस मिळणार नाही, आणि तपासणीचे २०० अधिक जीएसटी म्हणजे २३६, दुरुस्ती केली तर बिलात वळते होतात, नाही केली तर गेले. अर्ध्या तासाने एस्टिमेट आलं. चार्जिंगचा सब बोर्ड ९८०, मजुरी ४५०, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,६८७. पार्टवर तीन महिने वॉरंटी. एवढं ऐकून मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली पार्ट स्टॉकमध्ये नाही, पाच ते सात वर्किंग डे, आणि फोन आमच्याकडे ठेवावा लागेल.

सात दिवस फोनशिवाय मी डबे कसे देऊ? २३६ भरले, फोन घेऊन घरी आले.

पण त्या एका कागदाचा उपयोग खूप झाला. त्यावर साफ लिहिलं होतं, सब बोर्ड. मदरबोर्ड नाही. माझ्या फोनसारख्या बऱ्याच फोनमध्ये चार्जिंगची पिन एका वेगळ्या छोट्या पट्टीवर असते, खाली, आणि ती पट्टी एका चपट्या वायरने मेन बोर्डाला जोडलेली असते. म्हणजे स्क्रू काढले, जुनी काढली, नवीन बसवली, झालं. काही फोनमध्ये पिन थेट मेन बोर्डावर असते, तिथं गरम हवेने जुनी पिन उतरवून नवीन सोल्डर करावी लागते, ते जास्त कारागिरीचं काम. आपल्या फोनमध्ये कोणती आहे हे दुकानात जायच्या आधी माहीत असलं की कोणी मदरबोर्ड म्हणून घाबरवू शकत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर नावाचं पोर्टल काढलं आहे, मुलाने दाखवलं, त्यात कंपन्यांची दुरुस्ती, पार्ट आणि वॉरंटीची माहिती एका जागी शोधता येते. आणि कुठं फसवणूक झालीच तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, मला लागली नाही.

बुधवारी घरात नवीन फोनची चर्चा. अहो म्हणाले घेऊन टाक, हप्ते पाडू. चिरंजीव तर मॉडेल शोधूनच बसले होते, आणि मला नंतर कळलं की त्याचा प्लॅन असा होता की नवीन फोन त्याला आणि त्याचा मला! एक्सचेंजमध्ये किती येतात पाह्यलं. तिथं विचारतात चार्जिंग नीट होते का, नाही दाबलं की भाव धाडकन खाली, २,१०० दाखवले. चांगला वाटला तो फोन १८ हजारांचा. आता माझा हिशेब ऐका, एका डब्यामागे माझ्या हातात वीसेक रुपये राहतात, म्हणजे तो फोन ९०० डब्यांचा. एका पिनेसाठी ९०० डबे? मी म्हटलं उद्या बुल्डीला जाते, नाहीच झालं तर मग बघू.

८ मे, गुरुवार. सकाळचे डबे आटोपून साडेअकराला सुभाष नगरवरून मेट्रोने सीताबर्डी. तोंडाला दुपट्टा, बॅगेत पाण्याची बाटली आणि कांदा (सासूबाई सोडत नाहीत त्याशिवाय). तिथं मोदी नंबर नावाच्या गल्ल्या आहेत, त्यांच्यामध्ये मोबाईलवाल्यांची दुकानं ओळीने आहेत. साडेअकरा म्हणजे अर्धे शटर अजून वर चाललेले असतात, पण हीच वेळ चांगली, कारागिराचं टेबल रिकामं असते. संध्याकाळी गेलात तर ठेवून जा म्हणतात.

पहिल्या दुकानात १,२०० सांगितले, कारण विचारलं तर बोलेच ना. दुसऱ्यात दुकान कसलं, एक काउंटर, आणि मागे चष्मा लावलेला पंचवीसेक वर्षांचा पोरगा मायक्रोस्कोपपाशी. त्याने आधी एक छोटं मीटर केबलच्या मध्ये लावलं, त्यावर आकडे येतात, किती करंट जाऊन राहिला ते. माझ्या फोनचा ०.१२ आणि मग शून्य. नंतर केबल उलटी करून लावली, ०.३०. म्हणाला, "ताई, एका बाजूच्या पिना गेल्या आहेत, दुसरी बाजू थोडी जिवंत आहे." हे मात्र कोणीही घरी करून पाहू शकतो, केबल एका बाजूने लागते आणि उलटी केली की लागत नाही असं असेल तर बहुतेक केबल नाही, पोर्टच.

भाव दोन सांगितले. कॉपी बोर्ड बसवून ३५०, ओरिजिनल बसवून ६५०. मी ओरिजिनल म्हटलं. समोरच करशील का, म्हटलं. हौ ताई, बसा.

आणि मग मी चाळीस मिनिटं पाहत होते. मागचं कव्हर गरम मॅटवर ठेवून नरम केलं, प्लास्टिकची पातळ पत्ती घालून कडेकडेने उघडलं, माझा जीव वरखाली. स्क्रू काढून तो एका चुंबकाच्या पट्टीवर फोनच्या आकारातच मांडत होता, जिथला तिथं. मला तेव्हा बरं वाटलं, ज्याची मांडामांड नीट त्याचं काम नीट, स्वयंपाकातही तसंच असते. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन काढलं. मग खालची पट्टी. करंगळीएवढी लांब, हिरवी. मायक्रोस्कोपखाली धरून मला बोलावलं, "देखो ताई." मधल्या जिभेवरच्या पिना सोनेरी असायला पाहिजेत, माझ्या चार-पाच पिना काळ्या आणि एकीवर हिरवट बुरशीसारखं, तांब्याच्या भांड्याला चढते तसं. "घाम, ताई. उन्हाळ्यात रोज येतात असे." जुनी पट्टी मी मागून घेतली, त्यालाही नवल वाटलं.

चार्जिंग लावून दाखवलं, चालू. ६५० दिले. बिल मागितलं तं कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिलं, मॉडेल, तारीख, १ महिना गॅरंटी. दुकानाचा शिक्का मारायला लावला. पॅटर्न मी सांगितला नव्हता, लॉक माझ्या हाताने उघडून दिला, हे एक बरं केलं. काही फोनमध्ये रिपेअरसाठी वेगळा मोडही असतो, तो लावला की फोटो-चॅट दिसत नाहीत.

घरी आले आणि संध्याकाळी एका पोराचा फोन, "काकू, विहिरीतून बोलून राहिल्या का?" मग दुसऱ्याचा, तेच. व्हॉइस मेसेज पाठवून स्वतः ऐकला तर खरंच, लांबून कुठूनतरी आवाज. आणि रात्री पाह्यलं, फास्ट चार्जिंग लिहून येत नव्हतं, पूर्ण व्हायला चार तास. आधी सव्वा तासात व्हायचा. इतका राग आला, त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त. मी दुकानात फक्त चार्जिंगची वीज दिसते का एवढंच पाह्यलं आणि उठून आले. मुलगा म्हणाला, सांगितलं होतं नं नवीन घे.

शुक्रवारी पोळीवाल्या मावशी आल्या नव्हत्या, जाता आलं नाही. शनिवारी १० तारखेला वापस बुल्डी. भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. त्याने कार्ड पाह्यलं, एक शब्द न बोलता फोन उघडला. बोलायचा माइक त्याच पट्टीवर असतो, आणि माइकच्या भोकावर एक मोहरीएवढी रबराची टोपी असते, ती जुन्या पट्टीवरून काढून नवीनवर लावायची राहिली होती. म्हणजे ती दोन दिवस माझ्या घरी, ड्रॉवरमध्ये, जुन्या पट्टीला चिकटून पडली होती! नशीब मी जुनी पट्टी पर्समध्ये टाकून आणली होती, दाखवायला म्हणून. त्याने चिमट्याने काढून लावली. फास्ट चार्जिंगचं विचारलं तर आधी म्हणाला असंच असते. मी मीटर लाव म्हटलं. लावलं, मग स्वतःच गप्प झाला. कॉपीच बसवली होती त्याने, चुकून की कसं ते देव जाणे. आतून एक फुटक्या स्क्रीनचा माझ्याच मॉडेलचा फोन आणला, त्यातली पट्टी काढून माझ्यात लावली, जास्तीचे पैसे मागितले नाहीत, मीही विषय काढला नाही. लिंबू सरबत मागवलं त्याने.

या वेळी मी उठायच्या आधी सगळं पाह्यलं, केबल दोन्ही बाजूंनी लावून फास्ट चार्जिंग लिहून येते का, रेकॉर्डरमध्ये बोलून वापस ऐकलं, अहोंना फोन लावला, सिमचे दांडे पाह्यले (अँटेनाची बारीक वायर पण तिथूनच जाते), स्पीकरवर गाणं लावलं, बोटाचा ठसा, आणि त्याचाच पेनड्राइव्ह लावून फाइल उघडते का ते, कारण कधीकधी चार्जिंग होते पण डेटा जात नाही. दहा मिनिटं लागली. त्याने कंटाळा नाही केला. केला असता तरी मी उठले नसते.

खर्च मोजला तर ६५०, तपासणीचे २३६, उगाच घेतलेली केबल २९९, म्हणजे ११८५, वर मेट्रो-ऑटो. उरलेल्या पाच डब्यांचे वेगळे. म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या १,६८७ पेक्षा फार काही वाचले नाहीत, खरं सांगायचं तर. ज्यांच्याकडे दुसरा फोन आहे, आठवडाभर थांबता येते, त्यांनी सरळ तिथंच द्यावा, तीन महिन्यांची वॉरंटी तर भेटते. मला थांबता येत नव्हतं म्हणून बुल्डी.

एक गोष्ट गेली, फोन उघडला की पाण्यापासून वाचवणारा आतला गम तुटतो, तो कंपनीसारखा वापस लागत नाही. त्यामुळे आता फोन ओट्यावर नाही, फ्रिजच्या वर. गाऊनच्या खिशात तर अजिबात नाही. महिन्यातून एकदा टॉर्च मारून पाहते.

आज जून संपत आला, महिन्याची गॅरंटी संपली, फोन चालू आहे. मागच्या कव्हरच्या एका कोपऱ्याला काळा गम बाहेर आलेला आहे, नखाने काढायला गेले तर निघत नाही, मुलगा म्हणतो खराब दिसते. कव्हर घातलं की दिसत नाही.